राजीनामा लिहिण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुनी नोकरी सोडावी का, या प्रश्नावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. आकडे वाचकांनी कळवलेले आहेत.

प्रश्न : वय ४७. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात सुपरवायझर आहे. नोकरीला २१ वर्षं ४ महिने झाले. बेसिक आणि डीए मिळून ३८ हजार, हातात ५५ हजार येतात. पत्नी पतसंस्थेत आहे, तिला १४ हजार मिळतात. गृहकर्जाच्या १६,५०० च्या हप्त्यासकट घरखर्च ४८ हजार. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. पीएफमध्ये १६ लाखांच्या आसपास आहेत. दोन वर्षांपूर्वी नवे मॅनेजर आले, तेव्हापासून कामावर जावंसं वाटत नाही. भोसरीत मित्राचं सीएनसी जॉबवर्कचं (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर दुसऱ्या कंपन्यांचे भाग मजुरीवर बनवून देण्याचं) वर्कशॉप आहे. ‘आठ लाख घाल, भागीदार हो’ असं तो म्हणतो. कंपनीत व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) येणार अशी कुजबुजही आहे. सोडू का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आज सोडू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न एकात एक अडकले आहेत: मॅनेजरशी पटत नाही, मित्राचा धंदा खुणावतो आहे आणि व्हीआरएसची आशा आहे. राजीनाम्याने पहिला प्रश्न लगेच सुटेल, पण उरलेल्या दोन्हींत तुमची बाजू कमजोर होईल.

आधी हक्काच्या पैशांचं बघू. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचा, हिशेब असा: शेवटचं मासिक वेतन (बेसिक आणि डीए) गुणिले १५ भागिले २६, म्हणजे तुमच्या बाबतीत एका वर्षाचे २१,९२३ रुपये. पूर्ण वर्षांच्या वर सहा महिन्यांहून जास्त काळ झाला असेल तर तो आणखी एक वर्ष धरतात. आज गेलात तर २१ वर्षांचे ४,६०,३८५ मिळतील. सव्वादोन महिन्यांनी गेलात तर २२ वर्षांचे ४,८२,३०८. तारीख ठरवताना नोटिशीचा काळही सेवेतच मोजला जातो, हे लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यानुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवला जातो. बेसिक कमी आणि भत्ते भरपूर अशी पगाराची रचना असणाऱ्यांना याचा फायदा होतो. तुमचं बेसिक-डीए बहुधा निम्म्याहून वरच आहे, त्यामुळे तुमच्या आकड्यात फारसा फरक पडू नये. तरी पगारपत्रक समोर ठेवून एकदा पडताळा.

व्हीआरएसच्या कुजबुजीकडे पूर्ण दुर्लक्ष करू नका. व्हीआरएस जाहीर होण्याच्या आदल्या आठवड्यात राजीनामा दिलेल्याला त्यातला एक रुपया मिळत नाही. पद्धतशीर योजनेत १० वर्षं सेवा झालेल्या किंवा चाळिशी पूर्ण केलेल्या माणसाला ५ लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त मिळू शकते. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते, आणि नंतर त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरता येत नाही. पण वाट पाहण्याला मुदत घाला. युनियनच्या पदाधिकाऱ्यांना आणि एचआरला सरळ विचारा, आधीची योजना कधी आली आणि कोणत्या वयोगटाला दिली ते काढा. सहा-आठ महिन्यांत कागदावर काही आलं नाही तर हा मुद्दा हिशेबातून काढून टाका.

तुम्ही सुपरवायझर आहात, म्हणून एक बारकावा. नोकरकपात झाली तर मिळणारी वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची कायदेशीर भरपाई ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते. देखरेखीचं काम करणारा आणि १८ हजारांहून जास्त वेतन घेणारा माणूस त्या व्याख्येत येत नाही. तिथे हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहिलं जातं. तुम्ही दिवसभर गेज (माप तपासायचं साधन) घेऊन स्वतः तपासणी करत असाल तर गोष्ट वेगळी ठरू शकते. तेव्हा रोजच्या कामाचे कागद जपून ठेवा.

पीएफच्या पेन्शनवर घर चालेल असं धरू नका. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० ची आणि नंतरच्या सेवेला १५,००० ची पगाराची मर्यादा लागते. वर्षं गुणिले पगार भागिले ७० या सूत्राने, २० वर्षांवरच्या सेवेला मिळणारी दोन वर्षांची वाढ धरूनही, तुमची पेन्शन महिना साडेतीन हजारांच्या आसपास बसते, तीही ५८ व्या वर्षी. म्हातारपणाची खरी शिदोरी म्हणजे ते १६ लाख, आणि मित्राचे आठ लाख त्यातूनच जाणार आहेत. आमची खरी काळजी इथे आहे.

आता वर्कशॉप. आठ लाख कशाचे, हे मित्राला विचारलंत का? हिस्सा किती टक्के, मशिनची आजची किंमत काय धरली आहे, ती बँकेकडे तारण आहे का, हप्ते किती उरलेत? मागच्या बारा महिन्यांची जीएसटी विवरणपत्रं आणि चालू खात्याचा उतारा शेजारी शेजारी ठेवून बघा. विक्री दिसते पण पैसे खात्यात उशिरा येतात, असं जवळपास नक्की आढळेल. उदाहरणार्थ, महिन्याला ४ लाखांचं बिल होतं आणि पार्टी (काम देणारी कंपनी) ७५ दिवसांनी पैसे देते, तर कायम १० लाख बाहेर अडकलेले असतात. कच्चा माल पार्टीचा असेल तर खिशातून मजुरी, वीज, इन्सर्ट (मशिनची कापणारी पाती) आणि भाडंच जातं, म्हणजे प्रत्यक्ष अडकणारी रक्कम कमी होते. माल स्वतःचा असेल तर तुमचे आठ लाख पहिल्या तिमाहीतच त्यात जातील आणि आणखी लागतील. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज मिळालं पाहिजे, असा कायदा आहे. पण ऐंशी टक्के काम एकाच पार्टीचं असेल तर तिच्याविरुद्ध तक्रार करायला कोण जाणार? म्हणून पार्ट्या किती आणि सर्वांत मोठीचा वाटा किती, हे पहिल्याच दिवशी विचारा. रिजेक्शनच्या डेबिट नोटाही (नापास मालापोटी पार्टीने पैसे वळते केल्याचे कागद) मागा. जॉबवर्कमध्ये खराब झालेल्या भागाचं मशिनिंग तर बुडतंच, वर मटेरियलची किंमतही पार्टी वळती करते. या ठिकाणी तुमची २१ वर्षं कामाला येतात. रिजेक्शन अर्ध्यावर आणता आलं तर ते तुमचं खरं भांडवल, आणि हिस्सा ठरवताना त्याची किंमत मागा.

मित्रापुढे एक प्रस्ताव ठेवा. पहिलं वर्ष तुम्ही त्याच्याकडे महिना ३५ हजार पगारावर उत्पादन आणि क्वालिटी सांभाळाल. वर्षानंतर किती पैशांत किती टक्के हिस्सा घ्यायचा, हे आजच लिहून सही करायची. तुमच्या घराला पत्नीचा पगार वजा जाता ३४ हजार कमी पडतात, म्हणून हा आकडा. मित्र म्हणाला, एवढा पगार देणं परवडणार नाही, तर त्याचा अर्थ ते वर्कशॉप अजून दोन घरं पोसू शकत नाही असा होतो. भागीदार झाल्यावर हीच गोष्ट तुम्हाला आठ लाख देऊन कळेल.

भागीदारी केलीच तर करारनामा लेखी करा आणि फर्म नोंदवून घ्या. नोंदणी नसलेल्या फर्मला कराराची थकबाकी वसूल करायला कोर्टात दावा लावता येत नाही. भागीदाराची जबाबदारी घरादारापर्यंत पोचते, एलएलपीमध्ये (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) ती मर्यादित राहते. जुन्या देण्यांना नवा भागीदार कायद्याने बांधील नसतो, पण बँक कर्जाच्या नूतनीकरणाला तुमची हमी मागेल आणि ती सही झाली की जुनं-नवं सगळं तुमच्या गळ्यात पडतं. चेकवर दोघांच्या सह्या, महिन्याची उचल, आणि वेगळं व्हायचं झालं तर मशिनची किंमत कोण ठरवणार, हे तीन मुद्दे करारात हवेतच.

नोकरीत असताना तिथे पैसे घेऊन काम करू नका. बहुतेक नेमणूकपत्रांत दुसऱ्या कामाला मनाई असते, आणि त्या कारणावरून चौकशी लागली तर २१ वर्षांचा स्वच्छ रेकॉर्ड जातो. साठलेली पीएल (हक्काची भरपगारी रजा) काढा, १५-२० दिवस वर्कशॉपमध्ये नुसतं बसा. कोण किती वाजता येतं, मशिन किती तास बंद राहते, फोनवर पैशांसाठी किती विनवण्या चालतात, ते बघा. कंपनीची ड्रॉइंग मात्र मोबाइलमध्येही नेऊ नका. सोडल्यानंतर स्पर्धकाकडे काम करायला बंदी घालणारी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, पण गोपनीय कागद नेल्याचा आरोप टिकतो.

निघायचं ठरलं तर त्याआधी तीन कामं करा. पीएफच्या यूएएन (प्रत्येक सभासदाचा कायमचा क्रमांक) खात्यावर नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधारशी जुळतंय का ते तपासा. कंपनीत असताना दुरुस्ती लवकर होते, नंतर त्याच एचआरच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. कंपनीची मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपते. तीच विमा कंपनी वैयक्तिक पॉलिसीत वर्ग करून घेते का, हे दोन महिने आधी विचारा, म्हणजे जुन्या आजारांची तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा नव्याने सुरू होत नाही. आणि गृहकर्जाचा व्याजदर कमी करून घ्यायचा असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच बँकेत जा. धंदा सुरू केला की बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते.

मॅनेजरबद्दल. पुढचे चार आठवडे रोज घरी आल्यावर एकच ओळ लिहा: आज नकोसं काय झालं, काम की माणूस? बहुतेक ओळींत माणूसच आला तर दुसऱ्या प्लांटला किंवा सप्लायर क्वालिटीला बदली मागा, लेखी मागा. ओळींत कामच आलं, तर मात्र बदलीने काही होणार नाही आणि वर्कशॉपचा विचार नेटाने पुढे न्या. मुलीची बारावी होईपर्यंत तुमच्याकडे तेवढा वेळ आहे.

प्रश्न : वय ५१. वाळूजच्या पॅकेजिंग कारखान्यात ९ वर्षं ४ महिने काम करते. बेसिक-डीए १४ हजार, एकूण साडेसतरा. दोन्ही गुडघे दुखतात, रात्रपाळी झेपत नाही. या महिन्यात काम सोडून नीट उपचार घ्यावेत असं मनात आहे.
— एक ताई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, क्रम उलटा करा. उपचार आधी, राजीनामा नंतर.

तुमचा पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो. ईएसआयच्या डॉक्टरने आजारपणाचा दाखला दिला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. अट एवढीच की आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवस वर्गणी भरलेली हवी. दवाखाना, तपासण्या, गरज पडली तर शस्त्रक्रिया, सगळं त्यातच होतं. काम सोडल्यावर हे हक्क थोडा काळच चालू राहतात, मग संपतात. खाजगी दवाखान्यात गुडघ्याच्या एका शस्त्रक्रियेत तुमचा वर्षाचा पगार जाऊ शकतो.

दुसरं कारण तारखेचं. पीएफची पेन्शन मिळायला १० वर्षं सेवा लागते, सहा महिने किंवा जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे ९ वर्षं ६ महिने झाले की तुम्ही १० वर्षांत बसता. ग्रॅच्युइटीतही पुढचं वर्ष धरायला वरचे सहा महिन्यांहून जास्त लागतात. आज गेलात तर ९ वर्षांची ७२,६९२ आणि पेन्शनऐवजी एकरकमी थोडे पैसे. तीन-चार महिने थांबलात तर ८०,७६९ आणि जन्मभर पेन्शन. शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी १२,६०० धरली तर ५८ व्या वर्षी महिना १,८०० येतात. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी होत जाते. आत्ताच घेतलीत तर साडेतेराशेच्या आसपास मिळेल आणि पुढे ती वाढणार नाही. तुमच्या मागे पतीला निम्मी मिळते, हेही हिशेबात धरा.

बिनपगारी रजा घेतली असेल तर ते दिवस पेन्शनच्या सेवेत धरत नाहीत. दीड महिन्याची जरी रजा झाली असली तरी साडेनऊचा हिशेब चुकतो. म्हणून पीएफ पोर्टलवरची सेवेची नोंद काढून बघा, मोबाइल दुकानवाल्याला पासवर्ड देऊ नका, मुलाला किंवा सुनेला करायला सांगा. नऊ वर्षं आठ-नऊ महिने दिसले की निर्धास्त व्हा. तोवर ईएसआय डॉक्टरचा दाखला जोडून दिवसपाळी आणि बसून करायचं काम मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न : हिंजवडीत एकाच कंपनीत १३ वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, वय ३८. दुसरीकडून ३५ टक्के जास्त सीटीसीची (कंपनीला वर्षाला पडणाऱ्या एकूण खर्चाची) ऑफर आहे. सध्याच्या कंपनीत ९० दिवसांची नोटीस, नवी कंपनी ४५ दिवसांत बोलावते. एवढ्या वर्षांनी हलणं शहाणपणाचं आहे का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : ३५ टक्के हा आकडा आधी सोलून बघा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीसाठी बेसिकचे ४.८१ टक्के असतात, व्हेरिएबल (कामगिरीप्रमाणे कमीजास्त होणारा भाग) असतो, कधी पहिल्या वर्षापुरता जॉइनिंग बोनस असतो. नव्या कंपनीत ग्रॅच्युइटी शून्यापासून सुरू होते, पाच वर्षं टिकलात तरच ती हातात पडते. तेव्हा दोन्हींकडचा निव्वळ स्थिर मासिक पगार समोरासमोर ठेवा. तो २० टक्क्यांहून कमी वाढत असेल तर केवळ पैशांसाठी जाऊ नका, असं आमचं मत आहे. पण १३ वर्षं तुम्ही मॅन्युअल टेस्टिंगच करत असाल आणि नवी जागा ऑटोमेशनची असेल, तर वाढ कमी असली तरी जा. पंचेचाळिशीत हे काम शिकायची संधी कोणी देत नाही.

नोटिशीचा वाद बोलण्याने सुटतो, गैरहजर राहून नाही. उरलेल्या ४५ दिवसांचा पगार कापून घ्या अशी लेखी विनंती करा आणि ती रक्कम नवी कंपनी भरणार का, हे ऑफर लेटरमध्ये घालून घ्या. तोंडी आश्वासन धरू नका. अशा कपातीवर जीएसटी लागत नाही, हे सरकारने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. तुमच्या हिशेबात तसा आकडा दिसला तर हरकत घ्या. रिलिव्हिंग लेटरची तारीख ई-मेलवर आल्याशिवाय शेवटचा दिवस ठरवू नका. राजीनाम्यानंतर सध्याची कंपनी पगारवाढ देऊ करेल. ती घेण्याआधी स्वतःला विचारा, ही वाढ मागच्या अप्रायझलला का दिली नाही? पगार सोडून दुसरी कोणतीही तक्रार असेल तर ती सहा महिन्यांत पुन्हा उभी राहते.

पीएफ काढू नका, वर्ग करा. आणि वर्षाच्या मध्ये बदल करत असाल तर आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या. दोन्ही कंपन्यांनी ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि कराचे खालचे टप्पे वेगवेगळे धरले तर विवरणपत्र भरताना अचानक मोठा कर भरावा लागतो.

प्रश्न : राज्य सरकारच्या कार्यालयात ऑगस्ट २००५ पासून लिपिक आहे, जुनी पेन्शन लागू आहे. मधे ११ महिने बिनपगारी रजा झाली होती, वैद्यकीय दाखल्याशिवाय. आता घरच्या शेतीकडे पूर्ण वेळ द्यायचा आहे. राजीनामा देऊ का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : राजीनामा नको. सरकारी नोकरीत राजीनामा आणि स्वेच्छासेवानिवृत्ती यांत आयुष्यभराच्या उत्पन्नाचा फरक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते, पेन्शन जाते. २० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन मिळते.

अडचण तुमच्या ११ महिन्यांची आहे. दाखल्याशिवायची असाधारण रजा सहसा अर्हताकारी सेवेत धरत नाहीत. म्हणजे कॅलेंडरवर ऑगस्ट २०२५ ला २० वर्षं झाली असली तरी तुमची ती जुलै २०२६ च्या सुमारास पूर्ण होतात. त्याआधीची तारीख घातलेली नोटीस नामंजूर होईल. सेवापुस्तक काढा, त्या रजेची नोंद नेमकी कशी केली आहे ते वाचा, आणि अर्हताकारी सेवा किती झाली हे कार्यालयाकडून लेखी मागा. वेतननिश्चितीत जादा दिलेली रक्कम निघाली तर ती वसुली निवृत्तीच्या वेळीच समोर येते, म्हणून पडताळणीही आत्ताच करून घ्या. शेतीसाठी सोडण्याऐवजी दुसऱ्या सरकारी पदावर जायची वेळ आली तर अर्ज योग्य मार्गाने आणि परवानगी घेऊनच करा, म्हणजे सेवा जोडून मिळते.

नोटिशीच्या विषयात ‘स्वेच्छासेवानिवृत्ती’ असंच लिहा, मजकुरात नियमाचा उल्लेख करा आणि निवृत्तीची तारीख घाला. राजीनामा हा शब्द त्या कागदावर कुठेही येऊ देऊ नका. नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या कार्यालयाचा आवक क्रमांक पडलेली प्रत स्वतःकडे ठेवा.